साठच्या यंत्राला पन्नासची वीज : एका स्लॅपबॅकच्या नोंदी

८ जून २०२४

काकांचं मशीन आज घरी आलं. ते अमेरिकेतून कायमचे परत आले तेव्हा सामानाच्या कंटेनरमध्ये तीन गोष्टी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या : पेटी, काकूच्या साड्यांची ट्रंक आणि हे स्पूलवालं टेप रेकॉर्डर. १९५० च्या दशकातलं, व्हॉल्व्हचं, सूटकेससारख्या खोक्यात बसवलेलं. आमच्या वजनकाट्यावर साडेबारा किलो भरलं. वेग एकच, सेकंदाला साडेसात इंच. १९७३ साली एक छोटं रेडिओ स्टेशन बंद होत होतं, तिथून त्यांनी ते स्वस्तात उचललं. सोबत जुन्या टेपांचा खोकाही मिळाला.

झाकण उघडलं आणि आधी हेड मोजली. तीन आहेत. पहिलं पुसणारं, दुसरं भरणारं, तिसरं वाजवणारं. घरगुती मशीनला बहुधा दोनच असतात; भरायला आणि वाजवायला एकच हेड. तिसरं वेगळं असलं की भरता भरताच टेपवर काय उतरलंय ते ऐकता येतं. फक्त जरा उशिरा, कारण टेपला एका हेडापासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागतो. तो उशीर मला हवा आहे. या प्रकल्पाचं काम तेवढंच : अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत जो स्लॅपबॅक इको, म्हणजे आवाजाची लगेच मागून येणारी एकच प्रत, निघायचा, तो खऱ्या टेपवर, खऱ्या हेडांमधून काढायचा.

मशीनला वीज दिलेली नाही. इतके जुने कंडेन्सर एकदम चालू केले की फुटू शकतात.

९ जून

भाचीने विचारलं, "मामा, फोनमध्ये एक बटण दाबलं की इको येतो. मग एवढं कशाला?" तिला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

सॅम फिलिप्स हे मूळचे रेडिओचे इंजिनिअर. १९५० च्या जानेवारीत त्यांनी ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूवर मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस उघडली; हाच पुढे सन स्टुडिओ. लग्न असो, सभा असो, कुणाचं गाणं असो, पैसे दिले की भरून मिळायचं. सुरुवातीला प्रेस्टो कंपनीच्या यंत्रावर थेट लॅकरच्या तबकडीवर खोदकाम चालायचं. सूर चुकला की तबकडी वाया. मग टेप आली, आणि १९५४ मध्ये दोन अ‍ॅम्पेक्स ३५० टेप रेकॉर्डर. एका मशीनवर गाणं भरायचं. दुसऱ्यावर तेच गाणं पाठवायचं, त्याच्या वाजवणाऱ्या हेडातून उशिरा आलेला आवाज परत मिक्सरवर घ्यायचा आणि मूळ आवाजात कालवून पहिल्या मशीनला द्यायचा. टेप एकदाच फिरते, त्यामुळे पुनरावृत्तीही एकच. विहिरीत हाक मारल्यासारखा विरत जाणारा आवाज तो नव्हे. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो लगेच तळहातावर यावा, तसा.

आणि तो इको मागाहून लावलेला नसायचा. सगळं एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी. गाणं चालू असतानाच इको किती ते ठरायचं, आणि एकदा टेपवर उतरलं की ते वेगळं काढता येत नसे. फोनच्या बटणात हे नाही. तिथे नंतर कमीजास्त करता येतं, म्हणून कुणी आधी ठरवतच नाही.

१५ जून

मशीन उघडलं. मुख्य सप्लायचे दोन कंडेन्सर फुगलेले, कागदी कंडेन्सर पाच, पाचही गळके. सगळे बदलले. जुन्या कारागिराने तारा टर्मिनलला वळसा घालून मग डाग दिलेत, त्यामुळे एकेक सोडवायला वेळ लागला. पण इतक्या वर्षांत एकही डाग सुटला नाही तो त्यामुळेच. व्हॉल्व्ह बहुतेक शाबूत वाटतात.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. कापसावर तपकिरी भुकटी आली, ती जुन्या टेपांवरची. रबरी रोलरला अल्कोहोल लावलं नाही, रबर कडक होतं. हेडांमधलं अंतर प्लॅस्टिकच्या व्हर्निअरने मोजलं, कारण लोखंडी हत्यार हेडाजवळ नेलं की ते हेडाला चुंबकत्व देऊन जाऊ शकतं. भरणाऱ्या हेडाच्या फटीपासून वाजवणाऱ्या हेडाच्या फटीपर्यंत ३२ मिलिमीटर.

साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिलिमीटर. ३२ भागिले १९०.५ केलं की ०.१६८ सेकंद. हा माझा उशीर असायला हवा.

खोक्यातल्या टेपाही पाहिल्या. स्पूल उजेडासमोर धरलं तर काहींतून मधासारखा उजेड आरपार येतो. त्या अ‍ॅसिटेटच्या. पॉलिएस्टरच्या टेपमधून उजेड येत नाही. अ‍ॅसिटेट ताणली तर कट्कन तुटते, पण सरळ तुटते, जोडता येते; पॉलिएस्टर रबरासारखी लांबते आणि वरचं गाणं कायमचं बिघडतं. एका डब्याला व्हिनेगरसारखा वास आहे, म्हणजे ती टेप कुजायला लागली आहे. तो डबा बाजूला ठेवला. बाहेर पाऊस सुरू झालाय, म्हणून बाकीच्या टेपा सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात.

२२ जून

आज पहिल्यांदा वीज दिली. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्ट कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) शून्यापासून हळूहळू, दीड तास लावून. व्हॉल्व्ह तापले, स्पीकरमधून बारीक खर्रखर्र आली, टेप फिरायला लागली. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी डब्यातून एक स्पूल काढलं. वर शाईने लिहिलेलं : "दिवाळी, घरी".

पेटीचा सूर आला आणि मग एका बाईचा आवाज. भूपाळी. मागे कढईत काहीतरी तडतडतंय. आवाज जाड, संथ, घोगरा. काका एकदम म्हणाले, "ही ती नव्हे."

काकूच होती. वीज तिची नव्हती.

अमेरिकेतली वीज साठ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ लहरींची, आपली पन्नासची. भारतातल्या घरात अमेरिकन मशीन लावताना सगळे व्होल्टचा विचार करतात आणि ट्रान्सफॉर्मर आणतात; मीही आणला होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ जसेच्या तसे राहतात. या मशीनची मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे ती विजेच्या लहरींबरोबर पाऊल टाकते. अमेरिकेत मिनिटाला १८०० फेरे, इथे १५००. टेप साडेसातऐवजी सव्वासहा इंचांनी चालते. आवाज तीन अर्ध्या स्वरांहून किंचित जास्त खाली येतो. काकांच्या आठवणीप्रमाणे काकू काळी पाचमध्ये गायची. आज ती पांढरी पाचच्याही जरा खाली गात होती.

अर्ध्या तासाने मोटरला हात लावला तर चटका बसला. साठची मोटर पन्नासवर चालवली की ती जास्त करंट ओढते. तिला व्होल्टही पाच-षष्ठांशच द्यायला हवेत, ११७ ऐवजी साधारण ९७. व्हॉल्व्हना मात्र ११७ च लागतात. तपकीर गल्लीत दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला सांगितला : एक ११७, एक ९७. बुधवारी मिळेल.

२९ जून

नवा ट्रान्सफॉर्मर लागला. तासभर चालवूनही मोटर कोमट.

इकोचा पहिला प्रयोग केला. माइकसमोर एक टाळी. मूळ आवाज आणि टेपवरून आलेला आवाज दोन्ही कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी भरले. दोन शिखरांमधलं अंतर २०१ मिलिसेकंद. हिशेब चोख जुळला : ३२ मिलिमीटर, वेग १५८.७५.

मात्र टाळीची प्रत खाली उतरलेली नव्हती. भाचीने एक ओळ गायली, तिचीही प्रत अगदी सुरात. आधी चक्रावलो, मग उलगडा झाला. टेप ज्या वेगाने भरली त्याच वेगाने त्याच क्षणी वाजते आहे. चूक दोन्ही बाजूंना सारखी, म्हणून ती सुरातून निघून जाते. उरते फक्त उशिरात. दुसरीकडे, साठवर भरलेली टेप पन्नासवर वाजवली तर सगळी चूक सुरात येते. इकोपुरतं पाहिलं तर हे मशीन आहे तसंच चाललं असतं. काकूसाठी मात्र वेग दुरुस्त करावाच लागेल.

२०१ चा उशीर माझ्या कानाला लांब वाटतो. शब्द दोनदा ऐकू येतात. चाळीस-पन्नास मिलिसेकंदांच्या आत कान दोन्ही आवाज एकच धरतो. त्याच्या पुढे प्रत सुटी व्हायला लागते. स्लॅपबॅक त्या सुट्या होण्याच्या जागेच्या थोडा पलीकडे राहतो : प्रत वेगळी आहे हे कळावं, पण तिच्याकडे लक्ष जाऊ नये.

६ जुलै

वेग वाढवायचा तर मोटरवरची पुली मोठी करायची. जुनी पुली ९.५३ मिलिमीटरची, म्हणजे तीन अष्टमांश इंच. तिला १.२ ने गुणलं, ११.४४ आले. भोसरीच्या एका लेथवर गेलो. मिस्त्रींनी पितळेचा तुकडा चकमध्ये धरला, डोळे बारीक करून कडेला टूल लावलं आणि सोनेरी केसांसारखी छिलाई निघू लागली. शेवटी पॉलिश पेपर लावला तो फक्त कडांना. बेल्ट बसतो तो भाग त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला, "नाहीतर घसरेल," म्हणाले.

घरी येऊन बसवली. काकूचा आवाज आला आणि काका पुढे सरकले. आवाज तिचा होता. पण काकांनी पेटी काढली, तीच, टेपवरची, आणि काळी पाच दाबून धरली. टेपवरचा सूर आणि पेटीचा सूर यांच्यात लाटा उठू लागल्या, सेकंदाला सातेक. "अजून उतरलेलीच आहे," ते म्हणाले. मी कॉम्प्युटरवर मोजलं : टेप १.६ टक्के मंद. अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाहून जरा जास्त. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या कानाने ते आधी पकडलं.

१३ जुलै

मिस्त्रींना हिशेबाचा कागद दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, बेल्टची जाडी कुठे धरलीत?"

धरली नव्हती. त्यांनी टेबलावरचा बेल्ट बोटाभोवती गुंडाळून दाखवला : बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आवळते, मधली तेवढी आहे तशी राहते. वेग ठरतो तो त्या मधल्या रेषेवर. बेल्ट एक मिलिमीटर जाड, म्हणजे खरा व्यास ९.५३ नसून १०.५३. त्याला १.२ ने गुणलं की १२.६४, त्यातून बेल्टचा एक मिलिमीटर काढला की पुली ११.६४ ची हवी. दोन दशांशांचा फरक. नवी पुली वीस मिनिटांत झाली. पैसे घेईनात, "बाईंचा आवाज नीट आला की फोन करा," म्हणाले.

केला. पेटी आणि टेप आता एकमेकांत मिसळतात. लाट आहे, पण एवढी संथ की श्वासाइतकी. पन्नास वर्षांत पेटीचे सूरही थोडे हललेले असणारच.

टाळीची चाचणी : १६८ मिलिसेकंद.

२० जुलै

मित्राकडे मुद्दाम एक जुनी तबकडी ऐकायला गेलो. सन रेकॉर्ड्स, क्रमांक २०९, जुलै १९५४. एका बाजूला 'दॅट्स ऑल राइट', दुसरीला 'ब्ल्यू मून ऑफ केंटकी'. गायक एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बासवर बिल ब्लॅक. ड्रम नाहीत. ही तबकडी तेव्हा मिनिटाला ७८ आणि ४५ फेरे अशा दोन्ही वेगांत निघाली होती. मित्राकडे आहे ती पुढच्या काळातली पुनर्मुद्रित ४५. 'ब्ल्यू मून'वर इको स्पष्ट आहे. आवाजाला कडा येते, आणि तिघं आहेत हे विसरायला होतं.

मित्राने टर्नटेबलचा वेग तपासायचं स्ट्रोबचं कार्ड दाखवलं. दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. तिथेही हेच साठ आणि पन्नास. साठ हर्ट्झच्या दिव्याला ७८ च्या तबकडीसाठी ९२ रेघा लागतात, त्यातून वेग येतो ७८.२६. पन्नासच्या दिव्याला ७७ रेघा, वेग ७७.९२. म्हणजे अमेरिकेतली ७८ आणि युरोपातली ७८ कधी एक नव्हत्याच. रेघ अर्धी काढता येत नाही, एवढंच कारण. हे कळल्यावर मला पुलीचे दोन दशांश क्षुल्लक वाटेनासे झाले.

त्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख बरीचशी आपल्याच देशातली, बांगड्यांची तीच. ४५ आली १९४९ मध्ये, विनाइलची, सात इंचांची, मधोमध दीड इंचाचं मोठं भोक. हलकी, न फुटणारी, ज्यूकबॉक्सच्या यांत्रिक हाताला सहज पेलणारी. पोरांच्या खिशाला आणि कॅफेतल्या यंत्राला जे परवडलं त्यावर हे संगीत पसरलं.

२७ जुलै

आज खरं रेकॉर्डिंग. भाची गायला, एक मित्र गिटारवर, दुसऱ्याने डबल बास टेम्पोत घालून आणला. दोन माइक. एक छोटा मिक्सर, त्यातून एक वाट टेपच्या मशीनला, मशीनमधून परत मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर. दुसरं टेप मशीन नाही, म्हणून अंतिम मिश्रण डिजिटल रेकॉर्डरवर, पण एकाच ट्रॅकवर. नंतर हात लावायचा नाही असं सगळ्यांनी आधी ठरवलं.

पहिल्याच ओळीला मशीन हंबरायला लागलं. आवाज फुगत फुगत किंचाळी झाली, भाचीने कान झाकले. इकोच्या परतीच्या चॅनेलवरून मी तोच आवाज पुन्हा टेपला पाठवत होतो. ती नॉब पूर्ण बंद केली. एकदाच जायचं, एकदाच यायचं. मेम्फिसची सगळी रीत या बंद नॉबमध्ये आहे.

गिटारवाल्या मित्राने माफी मागितली, त्याच्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद फाटलाय, घरघर येते. मी म्हटलं, राहू दे. १९५१ च्या मार्चमध्ये याच मेम्फिसच्या खोलीत 'रॉकेट ८८' हे गाणं भरलं गेलं तेव्हा गिटारचा अँप आधीच बिघडलेला होता. सॅम फिलिप्सनी फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तो घरघरता आवाज झाकण्याऐवजी पुढे आणला.

पण दिवसभराची खरी कमाई लयीची. संथ गाण्यात इको भोंगळ वाटत होता, जलद गाण्यात गर्दी. मग बासवाल्याने मिनिटाला ११९-१२० मात्रांच्या आसपास झुलती लय धरली आणि अचानक खोलीत चौथा माणूस आल्यासारखं झालं. पाणी पिता पिता हिशेब केला. त्या लयीत एक मात्रा साधारण ५०४ मिलिसेकंदांची, आणि तिचा तिसरा हिस्सा १६८. झुलत्या लयीत वाजवणारा मात्रेवर एक आघात करतो आणि दुसरा मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शावर. मधला हिस्सा रिकामा. पहिल्या आघाताची प्रत बरोबर त्या रिकाम्या जागी पडते. दुसऱ्याची प्रत पुढच्या मात्रेवर जाऊन लपते. तिन्ही खण भरतात, आणि भरणारा कुणी दिसत नाही. बासवाला तारा बोटाने ओढून पट्टीवर आपटतोय, त्या फटक्याच्या प्रतीने ड्रमवरच्या ब्रशचं काम केलं.

जुनी पुली असती, २०१ चा उशीर असता, तर हीच जागा ९९-१०० मात्रांना सापडली असती. दोन हेडांमधले ३२ मिलिमीटर गाण्याची लय सुचवतात, हे आज बोटांना कळलं.

२८ जुलै

रात्री झोप लागेना, म्हणून आर.सी.ए. या रेकॉर्ड कंपनीची गोष्ट पुन्हा आठवत बसलो. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी एल्व्हिसचा करार सनकडून ३५,००० डॉलरला घेतला. १९५६ च्या जानेवारीत नॅशव्हिलला 'हार्टब्रेक हॉटेल' भरायला घेतलं. मोठी कंपनी, उत्तम माइक, अनुभवी माणसं. मेम्फिसचा इको हवा म्हणून स्टुडिओबाहेरच्या लांब कॉरिडॉरमधून आवाज फिरवून आणला. तो आवाज त्या गाण्याला शोभला, एकाकी आणि ओला. पण तो स्लॅपबॅक नव्हे. कॉरिडॉरमध्ये एका शब्दाला शेकडो भिंती उत्तर देतात. टेप एकच उत्तर देते, ठरलेल्या वेळी.

याउलट इलिनॉयमधल्या कैरो गावच्या रे बट्स यांनी गोष्ट नेमकी ओळखली. टेपची वळी आणि हेड त्यांनी गिटारच्या अँपच्या पोटातच बसवली आणि नाव दिलं एकोसॉनिक. स्कॉटी मूरनी १९५५ मध्ये एक घेतला आणि 'मिस्ट्री ट्रेन'वर वापरला. आता इको कंट्रोल रूममध्ये नव्हता, वाजवणाऱ्याच्या पायाशी होता. आपलीच प्रत ऐकत तो तिच्यात मोकळी जागा ठेवू शकत होता. काल आमच्या गिटारवाल्याला मी मुद्दाम हेडफोनवर इको दिला. त्याने न सांगता अर्धे सूर गाळले.

न्यू मेक्सिकोत क्लोव्हिसला निर्माते नॉर्मन पेटी यांनी १९५७ मध्ये 'पेगी सू' या गाण्याच्या ड्रमवर इको चालू-बंद, चालू-बंद करत नेला. तोही मागाहून नव्हे, वाजत असताना, हाताने. हे मला करून पाहायचं आहे. डबल बास पुन्हा कधी मिळतो ते बघतो.

१० ऑगस्ट

आज इको काही नाही. मिक्सर बाजूला, मशीनमधून सरळ रेकॉर्डरवर. काकूची टेप उतरवली. अ‍ॅसिटेटची आहे, तीन जागी तुटली. प्रत्येक वेळी थांबवून, टोकं तिरकी कापून, जोडपट्टीने जोडली. एकही शब्द गेला नाही. १२०० फुटांचं स्पूल, साडेसात इंचांना बत्तीस मिनिटं. सव्वासहाला अडतीस झाली असती.

भाची येऊन बसली. तिने काकूला कधी पाहिलं नव्हतं. भूपाळी झाल्यावर काकूचं बोलणं आहे : आधी आकडे मोजते, एक, दोन, तीन, मग म्हणते, "ऐकू येतंय का रे तुझ्या त्या यंत्राला?" नंतर बोलणं संपतं. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज, पायांचा आवाज लांब जातो, आणि कढईत तडतड सुरू राहते.

मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," काका म्हणाले. "चकल्या व्हायच्यात अजून."

टेप स्पूलवरून सुटून टोक फडफडेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो.